टंकीतली लाख

काय सांगू तुम्हाले ताई, माह्या जिंदगीत सांगन्यासारखं काय हाये, पन तुम्ही विचारलं ना, बाईमानूस असून ही जुनी मोटरसायकल कायले धरून बसली म्हनून, तं मंग लाखेपासून सांगा लागंल. माहं नाव पंचफुला. माहेर अर्जुनी मोरगावच्या पलीकडं, तलावाच्या पाळीले लागून गाव. घरचं वावर म्हनाले काही नव्हतं, माय अन् बाबा दुसऱ्याच्या बांदीत धानाचा रोवना कराले जायचे, पन धुऱ्यावर पळसाची झाडं होती अन् त्या पळसाच्या काड्यायले लाख धरायची. बारीक किडा असते तो, काडीवर आपलं घर बांधते लाल डिंकासारखं, अन् आम्ही पोट्टे त्या काड्या तोडून लाख खरवडायचो अन् बाजारात नेऊन इकायचो. बांगड्यावाले घेत, पॉलिशवाले घेत. नखात लाख जाऊन बसली का पान्यानं निघत नाही, राखेनं निघत नाही. माय म्हनायची पंची, असंच चिकट मानूस भेटलं पाहिजे तुले. भेटलं बापा, तसंच भेटलं.

माह्या पोरीचे, करुनाचे बाबा, म्हन्जे माहे मालक, गोरेगावचे. लाकडाले पॉलिश माराचं काम करायचे. मले पाहाले आले तवा उन्हाळा होता, त्यायले पाटावर बसवलं, पानी देलं, अन् माह्या मामानं मले मागच्या दारी बोलावलं अन् म्हने पंची, हे लगन होत नाही, पोरगा पेते, सकाळीच आंगाले दारूचा वास येऊन राहिला. माय रडाले लागली. आमचं दीक्षा घेतलेलं घर, दारूले उंबरठ्यावर बी जागा नव्हती. मामा बाहेर गेला अन् तोंडावरच विचारलं, काऊन गा, सकाळपासूनच चालू करते का? हे ना रागावले ना काही, म्हने मामाजी, बाटली बी संगच हाये, अन् थैलीतून बाटली काहाडली, आत कत्थ्या रंगाचं पानी. मामा म्हने घ्या, आता बाटलीच काहाडली. मंग हे पाटावरून उठले, पाट उलटा केला, कापूस चिंधीत बांधला, त्या पान्यात बुडवला अन् घासाले लागले, गोल गोल, गोल गोल. मामा काही बोलाले गेला तं म्हने थांबा मामाजी, मधात हात थांबला का डाग पडते. अन् तो आमचा भाजी चिराचा काळा पाट, ताई, त्याच्यात मामाले आपलं तोंड दिसाले लागलं. मंग सांगतलं, लाख स्पिरीटमध्ये घोळली का पॉलिश होते, स्पिरीट उडून जाते, लाख लाकडाले राहते अन् वास माह्या आंगाले राहते. मी दाराआडून पाहून राहिली होती. मले तो वास तवाच आवडला, खोटं कायले सांगू.

लगन होऊन गोरेगावले आली अन् पाह्यलं तं काय, साऱ्या गोंदियाची दारं चमकवनाऱ्याच्या घरचं दार कोरं. बीजा झाडाच्या लाकडाचं, जाड, चांगलं दार, पन पॉलिशचा एक हात नाही, पावसानं पांढरं पडलेलं. दिव्याखाली अंधार म्हन्तात ना, तसं. मी म्हटलं आपल्या दाराले कवा लावता? म्हने येत्या बुद्ध पौर्निमेले. पौर्निमा आली का कोनाच्या तरी घरी लगन निघायचं, आमच्या दारासाठी भिजवलेली बाटली तिकडं जायची. मी तोंड फुगवायची तं म्हनायचे, पंची, आपलं दार दिवसभर उघडं असते, भिंतीले टेकून, कोनाले दिसते ते? असं दर साली. मी बी दर साली विचारायची अन् हे बी दर साली तेच सांगायचे, पुढं पुढं तं आम्हाले दोघायले त्याचं हसू याले लागलं.

ही गाडी आली तवा करुना पहिलीत होती, निन्यानव साल असंल. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या शेठच्या घरी काम चालू होतं, त्याच्या गोदामात ही पडली होती, सीटवर कोंबडी अंडे द्यायची. शेठ म्हने भंगारात जाऊनच राहिली, तू नेतो तं ने. यायनं ढकलत ढकलत आनली. टंकीत पाह्यलं तं आतून नुसती लाल माती, एवढा जंग. मोटार स्टँडजवळ रफिकभाई मिस्तरी, तो म्हने अरे भाई, नई टंकी डाल ले, ये तो अंदर से सड़ गई. पन पॉलिशवाला मानूस, त्यायले कोनतीही सडकी वस्तू दिसली का हात खाजवाले लागत. चिंचेचं पानी ओतलं, बारीक गिट्टी टाकली, अन् माही लग्नातली कथडी, गोधडी म्हना, मले विचारलं बी नाही, तिच्यात टंकी गुंडाळून बैलगाडीच्या चाकाले बांधली. गाडीचा आस दगडावर टेकवून चाक उचललं अन् दुपारभर हातानं फिरवलं, आत गिट्टी खडाखडा वाजून राहिली, अन् शेजारपाजारचे पाहून राहिले का पॉलिशवाल्याले झालं तरी काय. जंग निघाला. मंग घट्ट लाख घोळली, टंकीत ओतली अन् टंकी मांडीवर घेऊन बसले, या कुशीवर, त्या कुशीवर, लेकराले झोपवतात तसं. मी म्हटलं करुनाले कधी एवढा वेळ घेतलं नाही मांडीवर. वाळू देत, पुन्हा ओतत, पुन्हा वाळू देत. मी म्हटलं पेट्रोल खाऊन टाकंल ना लाखेले? तं वाटीत पेट्रोल घेऊन त्याच्यात लाखेचा तुकडा टाकून ठेवला, किती दिस होता तो तसाच. म्हने पंची, पेट्रोल लाखेले काही करत नाही, लाख फक्त स्पिरीटले भिते.

अन् चालली ना गाडी. दहा-बारा वर्सं टंकीनं जंगाचं नाव नाही घेतलं.

चालवाले मले त्यायनंच शिकवलं. मी लहान पोट्ट्यायचे कपडे इकायची बाजारात, गोरेगावचा बाजार, कामठ्याचा, अजून दोन-तीन. गठुडं घेऊन एसटीत चढा, कंडक्टर कुरकुर करायचा. अन् यायचं काम एका घरी लागलं का पंधरा-पंधरा दिस तिकडंच, गाडी घरी उभी. म्हने तू शीक. बोडीच्या, लहान्या तलावाच्या, बाजूच्या मैदानात शिकवलं, मी पडली, गुडघे फुटले, बाया पदर तोंडाले लावून हसल्या. एक म्हातारा म्हने काऊन गा पॉलिशवाल्या, बायकोले बी पॉलिश मारली का? हे म्हने बाबा, ते आधीच चमकत होती. लाजच नव्हती मानसाले. अन् मले सांगतलं, रस्त्यात गाडी बंद पडली तं घाबरू नोको, झाकन उघडून आत पाहजो, लाख चमकून राहिली म्हन्जे मी संग हावो.

करुना दहावीत होती तवा गेले. छातीत दुखाले लागलं, गोंदियाले नेता नेता रस्त्यातच गेले. त्या साली बी बाटली भिजत घातली होती दारासाठी, खिडकीत ठेवली होती. मयतीनंतरच्या दिसाले आलेल्या लोकायपैकी कोनी तरी घान समजून फेकून देली. मी कोनाले बोलली नाही, त्यायले काय माहीत.

त्याच्यानंतर माह्याजवळ त्यायच्या हातचं काय राहिलं सांगा. दारं सारी लोकायच्या घरी. माह्या घरी एक टंकी. मी सकाळी गाडी काहाडाच्या आधी झाकन उघडायची, डोळा लावून पाहायची, आत तांबूस चमक दिसायची, अन् नाक लावायची. पेट्रोलच्या आडून तो वास याचा, जरासाच. पंपावरचा पोरगा म्हने मावशी, पेट्रोल सुंघनं चांगलं नाही. मी म्हटलं तू आपलं काम कर.

मंग दोन-तीन वर्सानं गाडी बंद पडाले लागली. कामठ्याच्या रस्त्यावर, भर उन्हात, गठुडं मागं बांधलेलं. झाकन उघडून पाह्यलं तं आत चट्टे, कुठं चमक, कुठं उघडा पत्रा, अन् पापडी सुटून तरंगून राहिली. ढकलत नेली. रफिकभाईनं कार्बोरेटर खोललं, आतून चिकट कत्थ्या गोंद निघाला, म्हने भाभी, टंकी बदल डालो, अंदर का सब छूट रहा है. मी म्हटलं साफ करून दे, टंकीले हात लावू नोको. आठ दिसानं पुन्हा बंद. पुन्हा साफ. एका पावसाळ्यात तं मी तीन बाजार गमावले. गाडी नाही तं बाजार नाही, बाजार नाही तं करुनाचं नर्सिंगचं शिक्षन कुठून चालवू. अन् टंकी धुतली तं मंग त्यायचं माह्याजवळ काहीच नाही. दोन्हीकडून मीच अडकली.

काऊन सुटून राहिली लाख, ते मले पंपावर समजलं. तिथला जुना मानूस दुसऱ्या कोनाले सांगून राहिला होता, आजकाल पेट्रोलमध्ये स्पिरीट मिसळून येते, उसाचं. मी ऐकलं अन् तिथंच उभी राहिली, मागचे हॉर्न वाजवून राहिले. स्पिरीट. लाख फक्त स्पिरीटले भिते. त्यायले बिचाऱ्यायले काय माहीत होतं का पुढं पेट्रोलच बदलंल.

करुना सुट्टीत आली होती. तिले सांगतलं तं ती आपली सरळ बोलनारी, बापावर गेली, म्हने आई, बाबा टंकीत नाहीत. मी ताट सरकवून उठली. दोन दिस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिसी ती गाडी पुसून राहिली होती, माह्याकडं न पाहता म्हने, बाबानं ही गाडी चालवाले देली होती तुले, पाहाले नाही. दुसऱ्या दिसी मी गोंदियाले गेली, हे जिथून सामान घेत त्याच दुकानातून स्पिरीट आनलं. म्हटलं काहाडाचीच हाये तं माह्या हातानं निघंल, रफिकभाईच्या नाही.

चूल विझवली. गाडीची टंकी खोलली, पेट्रोल काहाडून वाळवली, नळीच्या तोंडाले बूच मारलं, स्पिरीट ओतलं, बारीक गिट्टी टाकली. बैलगाडी आता कुठं राहिली गावात, सारे ट्रॅक्टर. मंग तीच जुनी कथडी, आता तिच्या चिंध्या झालेल्या, तिच्यात टंकी गुंडाळली अन् मांडीवर घेऊन बसली आंगनात. या कुशीवर, त्या कुशीवर. करुना म्हने दे मी करतो, मी देली नाही. अन् ताई, थोड्या वेळानं वास सुटला. तोच. हे पाटावर बसून होते तवाचा. साऱ्या आंगनात तेच होते, माह्या हाताले, माह्या पदराले, शेजारची म्हातारी भिंतीवरून पाहून म्हने वो पंचफुला, पॉलिशवाले आले का? तिचं आता डोकं जाग्यावर राहत नाही, तिले आठवत नाही कोन गेलं अन् कोन हाये. मी म्हटलं होय माय, आले.

सांजे गमेल्यावर जुनं पातळ धरून टंकी उलटी केली. गिट्टी अन् जंग कपड्यात राहिला, खाली गमेल्यात काय पडलं सांगू. लाख अन् स्पिरीट. ते पॉलिश होतं, दुसरं काय. बारा वर्सं पेट्रोलमध्ये राहून काळपट झालेलं, पन पॉलिशच. करुनाले म्हटलं कापूस आन.

उजेड होता तवरच बसली. कापूस चिंधीत बांधला, बुडवला, गोल गोल, गोल गोल, त्यायचा हात आठवून आठवून. आमच्या दाराले, ताई. एकाच बाजूले पुरंल एवढं होतं. बाहेरची करू का आतली, इचार नाही केला जास्त, आतली केली. बीजाचं लाकूड, त्याच्या रेषा अशा वर आल्या जशा आतापर्यंत कोनी झाकून ठेवल्या होत्या. मधातच एका जागी मले लय याद आली त्यायची, हात थांबला. तिथं डाग पडला, छातीच्या उंचीवर. करुना म्हने पुसून पुन्हा मार, मी म्हटलं राहू दे.

टंकीत आता काही नाही लावलेलं, उघडा पत्रा हाये. जंग नको म्हनून काठोकाठ पेट्रोल भरून ठेवा लागते, बस. गाडी चालते, उद्या कामठ्याचा बाजार हाये, करुना गोंदियाच्या दवाखान्यात लागली, फोनवर रागावते आई हळू चालव म्हनून. झाकन उघडून पाहाची सवय गेली नाही माही, पन आत माहंच तोंड दिसते पेट्रोलात. मले त्यायची याद येते, रोज येते, त्याले इलाज नाही अन् मले इलाज पाहिजे बी नाही. लोकं म्हन्तात पॉलिशवाला गेला पन घरचं दार कोरंच ठेवून गेला. बाहेरून पाहाल तं कोरंच हाये, म्हनू द्या त्यायले. तुमचं भलं होवो ताई, एवढं ऐकून घेतलं. तुम्ही आल्यापासून दार उघडंच हाये, भिंतीले टेकलेलं, म्हनून आतली बाजू दिसली नाही तुम्हाले. बसा जराशा, दार लोटू द्या मले.