अठरा पावलांपुरतं

—नाही नाही भाऊ, वाढवायची नाही, कमी करायची. पॉवर कमी. सगळे वाढवूनच मागतात ना तुमच्याकडे? ठाऊक आहे मला, बावीस वर्षं ट्रकवाल्याच्या घरात काढलीत — हा वायरलेसचा सेट पार हायवेच्या वळणापर्यंत ऐकू जातो, तेच नकोय. आमच्या भिंतींबाहेर जाता कामा नये. अँटेना काढून? नको हो, अँटेना काढून बोललं की सेट जळतो, आमच्या ह्यांनीच सांगितलेलं. आतला तो स्क्रू फिरवा. पण दिवा लागला पाहिजे, काटा हलला पाहिजे — सेट सासऱ्यांचा, त्यांची उभी हयात ट्रकवर गेली, काटा नाही हलला तर लगेच ओळखतील.

कशाला म्हणजे — रोज संध्याकाळी सहाला मामंजी खाटेवर बसून मुलाला हाक मारतात. "घर बोलतंय, कुठवर आलास?" हे गाडी चालवताना बोलायचे नाहीत, नुसतं बटण दोनदा दाबायचे, खट् खट् — म्हणजे ऐकलं, येतोय. आठ महिने झाले ह्यांना जाऊन. उतारावर ब्रेक लागले नाहीत. मामंजींनी स्वतः उभं राहून सगळं केलं, आणि तरी महिन्याभरानं हाका सुरू. रस्त्यावरचे जुने ड्रायव्हर ऐकून गप्प बसायचे, भली माणसं. पण कोणी एक नवा आला, म्हणाला, म्हातारबा, तो मेला, चॅनल मोकळा करा. दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत मामंजी.

पिशवीत? पिशवीत काही नाही — बरं, दुसरा सेट आहे. ह्यांचा. ट्रक मोडीत गेला, हा तेवढा शाबूत राहिला. तिसऱ्या दिवशी मी तो स्वयंपाकघरात ओट्यावर लावला, दार लोटलं, आणि सहाला बटण दाबलं. दोनदा. जेवले हो त्या दिवशी, पोटभर जेवले. फसवणूक? असेल. पण मी तरी कुठे वेगळी — साडेपाचलाच ओटा पुसून बसते, "कुठवर आलास" ऐकलं की मलाही वाटतं, येतीलच आता, कुकर लावावा.

काल दोनदा दाबलं, तर मामंजी म्हणाले, "ऐकलं हो पोरी. आता तू जेवून घे, सकाळपासून उपाशी आहेस." सेटवरच म्हणाले. उठून आत आले नाहीत, मीही बाहेर गेले नाही. कढई तशीच गॅसवर, करपली सगळी.

अहो, त्यांना कळलंय म्हणूनच तर सांगते, दोन्ही कमी करा. आता ते बोलणं आमचं दोघांचं आहे, रस्त्याला कशाला? काटा मात्र हलू द्या, कळलं असलं तरी. आणि अगदीच कमी नको — त्यांच्या खाटेपासून माझ्या ओट्यापर्यंत अठरा पावलं, मधे दोन भिंती, मोजून आलेय. तेवढं पोचलं पाहिजे भाऊ. तेवढं नाही पोचलं तर मी —

माझ्याकडे काय बघता, सेटकडे बघा. सहाच्या आत द्या.