केरबाची सनई आणि फिरतं चाक

मंडळी, ऐका! आजच्या कीर्तनात आधी प्रश्न, मग कथा. उत्तर घाईनं देऊ नका — सांगा मला, उत्तम कशाला म्हणायचं?

तान्ह्या लेकराला तुम्ही श्रीखंड भरवलंत. श्रीखंड उत्तम! केशर आहे, वेलची आहे, चक्का घरचा. पण लेकरू रडतंय — त्याला दूध हवंय! आता श्रीखंड उत्तम की दूध उत्तम? हां, त्या मावशी म्हणतात 'दूध'. मावशींनी लेकरं वाढवलीत. पुरुष मंडळी अजून श्रीखंडाकडेच बघतायत!

म्हणजे जे सगळ्यांत भारी ते उत्तम, की जे समोरच्याला पोचतं ते उत्तम? एवढाच प्रश्न. आता कथा.

हिरण्यकेशी नदीच्या काठी कवठेवाडी म्हणून गाव. तिथं भैरीदेवाचं देऊळ, आणि देवळात रोज पहाटे सनई वाजवणारा केरबा गुरव. म्हातारा, पण ताठ! मिशा पांढऱ्या, फेटा लाल. केरबानं तोडी राग धरला की गोठ्यातली म्हैससुद्धा दूध चोरायची नाही — असं गाव म्हणतं, म्हशीला मी विचारलेलं नाही.

ह्या केरबाचा एक गुरुबंधू होता, बाळकू. दोघं एकाच गुरूच्या हाताखाली शिकले, एका ताटात जेवले, एकाच घोंगडीखाली झोपले. लग्नात जोडीनं वाजवायचे. एकानं तान घेतली की दुसऱ्यानं सूर धरायचा. लोक म्हणायचे, सनई दोन पण श्वास एक!

आणि मग झालं काय? एका लग्नाच्या मांडवात, भर पंगतीत, बाळकू बोलून गेला, "केरबा, तुझा धैवत उतरतोय रं."

धैवत म्हणजे सा रे ग म मधला सहावा सूर. केसाएवढा खाली होता. केसाएवढा! पण पंगतीत लोक हसले. केरबा ताटावरनं उठला, सनई पिशवीत घातली आणि चालू पडला. बोलणं बंद! मंडळी, नवरा-बायकोचं भांडण मीठभाकरीनं मिटतं, भावाभावाचं जमिनीच्या वाटणीनं तरी संपतं. पण दोन कलावंतांचं? नाव काढू नका! पुढं बाळकूचं वय झालं, गुडघे गेले, तो चंदगडकडच्या डोंगरात लेकीकडं राहायला गेला. आणि केरबा इकडं रोज पहाटे तोडी वाजवायचा. धैवत आला की एक डोळा उघडून बघायचा — कोण हसतंय का!

आता कथेत येते केरबाची सून, पल्लवी. हिचं काम घरातच, कॉम्प्युटरवर. लोकांच्या दुकानांच्या, शाळांच्या वेबसाइट करायची. देवळाचीही तिनंच केलेली — फोटो, आरतीच्या वेळा, प्रसादाचं काय ते.

एक दिवस डॉक्टर केरबाला म्हणाले, "आजोबा, पुढचे दात हलतायत. दसऱ्यानंतर काढू."

तुम्ही म्हणाल, दात काढले तर काय बिघडलं? अहो, सनई ओठांवर वाजते आणि ओठ दातांवर टेकतात! दात गेले की फुंक बदलते. केरबा घरी आला, चहाला हात लावला नाही. पल्लवीनं विचारलं, "मामंजी, काय झालं?"

"काय न्हाई. दसऱ्याला शेवटचं वाजवनार म्हनायचं."

पल्लवीनं गार झालेला चहा उचलला. मग म्हणाली, "मामंजी, वेबसाइटवरनं तुमची सनई थेट ऐकवूया. चित्रासकट. जो जिथं असेल तिथं ऐकेल."

केरबाचे डोळे लुकलुकले. "कुठंबी? डोंगरात सुदीक?"

"डोंगरातसुद्धा."

"मग कर. सगळ्यास्नी कळीव. कुनाकुनाला ते मी सांगत न्हाई!"

सांगत नाही म्हणे! अहो, तिला कळलं, तुम्हाला कळलं, इथल्या खांबालाही कळलं! पल्लवीनं त्याच दिवशी बाळकूच्या लेकीला, हौसाताईला, निरोप धाडला.

आता इथं जरा थांबू. हे थेट ऐकवायचं म्हणजे काय असतं? सर्व्हर म्हणजे कधी न झोपणारा कॉम्प्युटर. कुठं तरी गार खोलीत बसलेला. त्याच्यातला कोपरा भाड्यानं मिळतो, त्याला होस्टिंग म्हणायचं. देवळाची वेबसाइट अशाच एका कोपऱ्यात होती. आजूबाजूला दुसरे भाडेकरू. पल्लवीनं आधी काय केलं? केरबाची रेकॉर्ड केलेली सनई तिथं ठेवून बघितली. नवरात्राची घटस्थापना! सगळं गाव, गावाची पुण्यातली पोरं, दुबईतली पोरं — एकदम ऐकायला धावली. कोपरा तो केवढा! सगळे भाडेकरू खोळंबले. होस्टिंगवाल्यांचा निरोप आला, भाषा गोड, पण अर्थ असा, की बाई, खोली राहायला दिलीय, लग्नाचं कार्यालय उघडायला नाही!

खरं होतं त्यांचं. पल्लवीनं ते मानलं आणि वेगळा, आपला एकटीचा सर्व्हर घेतला. छोटासाच. त्यात धार सोडणारा प्रोग्रॅम बसवला. धार म्हणजे कशी? सनई वाजत असतानाच तिचे बारीक बारीक तुकडे करायचे, एकामागून एक धाडायचे, आणि ऐकणाऱ्याच्या मोबाईलनं ते जोडत जोडत वाजवायचे. हंडा ओतायचा नाही, धार धरायची! पण धार जाड सोडली आणि समोरची नळी बारीक असली तर? तुकडे वेळेवर पोचत नाहीत. मग मोबाईलवर काय दिसतं?

'चाक!' — शाबास! मृदंगवाले सगळ्यांत मोठ्यानं ओरडले. ह्यांच्याकडं नेट कसं आहे ते कळलं!

पल्लवी म्हणाली, "मामंजी, धार मध्यम ठेवू. थोडं चित्र धूसर होईल, पण सगळीकडं पोचेल."

केरबा उसळला! "धूसर? न्हाई! सगळ्यात भारी ठेव. एक सूर कनभर हिकडं तिकडं हुता कामा न्हाई. त्यो ऐकनार हाय — त्याला खोट काढायला जागा ठिवायची न्हाई!"

आणि त्यात देवस्थानचे अध्यक्ष आण्णासाहेब! त्यांना तर हौसच हौस. नवा कॅमेरा भाड्यानं आणला, दिवे आणले. म्हणाले, "मिशीचा केस अन् केस दिसला पाहिजे!" पल्लवीनं दोन म्हाताऱ्यांपुढं हात टेकले. धार सगळ्यांत जाड ठेवली.

दसऱ्याची सकाळ उजाडली. देवळाला झेंडूची तोरणं, गाभाऱ्यात उदाचा वास. केरबानं देवाला नमस्कार केला, सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत भिजवली आणि डोळे मिटून तोडी सुरू केली. काय वाजवलंय मंडळी! बायका कुंकवाचं ताट हातात तसंच धरून उभ्या. आण्णासाहेब कॅमेऱ्याकडं बघून खूष — दुबईवरनं निरोप आला, 'झकास, मिशी दिसतेय!'

आलाप संपला. केरबा पाणी प्यायला थांबला. तेवढ्यात पल्लवीचा फोन वाजला. हौसाताई होती.

"पल्लवी, बाबा पहाटेपासनं उठून बसल्यात गं. अंघोळ करून, टोपी घालून! आणि मोबाईलवर नुसतं चाक फिरतंय. एक सूर येतोय, मग तुटतोय. बाबा म्हनत्यात, त्यानं मुद्दामच तोडलं असंल."

पल्लवीनं फोन तसाच चालू ठेवला. ती सासऱ्यापाशी आली, वाकून म्हणाली, "मामंजी, डोंगरात पोचत नाही. बाळकूकाका टोपी घालून बसलेत, आणि त्यांना चाक दिसतंय."

केरबाच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "टोपी घालून?"

"हो. तुम्ही मुद्दाम तोडलंत असं त्यांना वाटतंय."

"आता काय करता येतंय?"

"चित्र बंद करते. नुसता आवाज धाडते, तोही हलका करून. तो पोचेल. पण दोन्ही धारा एकदम ह्या सर्व्हरला झेपत नाहीत. हलकी धार घेतली तर सगळ्यांनाच हलकी. आणि मामंजी — आवाज थोडा चपटा होईल. बारकावे जातील."

आण्णासाहेब धावत आले. "काय बोलताय सूनबाई! कॅमेरा बंद? दुबईची मंडळी बघतायत, दिव्यांवर केवढा खर्च केलाय! एका माणसासाठी?"

मंडळी, आता केरबाच्या मनात डोकवा. आयुष्यभर जपलेला सूर. शेवटचं वाजवणं. सगळ्या जगानं ते भारीतलं भारी ऐकावं ही इच्छा. त्यात चूक काय? आणि धार हलकी केली, तर ऐकणारा कोण? तोच, ज्यानं पंगतीत खोट काढली होती! त्याच्याच हातात आपण आपली सनई अर्धीमुर्धी करून द्यायची? तुम्ही दिली असती का? प्रामाणिकपणे सांगा. मी — मला विचार करावा लागला असता.

केरबानं मात्र फार विचार केला नाही. आण्णासाहेबांना म्हणाला, "आण्णा, दुबईवाल्यांनी माजं तोंड बघून काय करायचं? दात हलाय लागलेलं! सनई डोळ्यानं ऐकत न्हाईत." आणि सुनेकडं वळला, "पोरी, हलकी कर. जेवढी त्याच्या नळीत मावंल तेवढीच धाड. आनि त्याला सांग, मी थांबलोय. तू 'आलं' म्हनल्याबिगर मी फुंकनार न्हाई."

पल्लवीची बोटं कॉम्प्युटरवर चालली. कॅमेरा बंद झाला, दिवे मालवले. देवळात पुन्हा समईचा उजेड राहिला आणि, खरं सांगू, तो जास्त शोभून दिसला.

पल्लवीनं एकदा देवळाची घंटा वाजवली, आणि फोनवर हौसाताई ओरडली, "आलं! घंटा ऐकू येतेय!"

केरबानं पुन्हा सुरुवात केली. पहिल्यापासनं! आणि ह्या वेळी डोळा उघडून कुणाकडं बघितलं नाही. धैवतावर आला, आणि तिथं रेंगाळला. ज्या सुरापासनं आयुष्यभर पळाला, त्याच्यावर बसला! वाजवणं कुठं संपलं ते कुणाला कळलं नाही, कारण टाळी वाजवायचं कुणाला सुचलंच नाही.

पल्लवीनं फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडं नुसता श्वास ऐकू येतोय. केरबाच म्हणाला, "बाळकू? ऐकलंस का रं?"

आवाज आला, घोगरा. "ऐकलं."

"मग?"

"धैवत अजून उतरलेलाच हाय."

आण्णासाहेबांनी डोक्याला हात लावला! पल्लवीनं डोळे मिटले! आणि केरबा? केरबा हसायला लागला. खदाखदा! हसता हसता डोळ्यांतनं पाणी. "हाय रं हाय! तवाबी उतरलेलाच हुता! मला ठावं हुतं!"

"मग तवाच का न्हाई बोललास, गाढवा?"

"भर पंगतीत म्हनलास की रं!"

पलीकडं बाळकूचा आवाज फुटला. "चुकलं माजं. कानात सांगायला हवं हुतं. केरबा, लई जनांची तोडी ऐकली मी. सगळ्यांचं धैवत जागच्या जागी. पन मला त्यो तुजाच, उतरलेलाच ऐकायचा हुता. कानाला सवय लागली हुती रं."

मंडळी, दात दसऱ्यानंतर काढायचे होते ना? केरबानं डॉक्टरांना निरोप धाडला — थोडं थांबा. सनई पिशवीत घातली आणि चंदगडच्या एसटीत बसला. पल्लवी सोबत. डोंगरातल्या अंगणात दोघं म्हातारे समोरासमोर बसले. केरबानं वाजवलं, बाळकूनं दुसऱ्या सनईवर नुसता सूर धरला. हौसाताईनं नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं, दोघं एका ताटात जेवले. आता दात नाहीत, केरबा वाजवत नाही. पण बाळकूकडं जाऊन राहतो आणि हौसाताईच्या पोरीला दोघं मिळून शिकवतात. तिथंही भांडतात! बाळकू म्हणतो पत्ती कोरडी, केरबा म्हणतो ओली. पोरगी म्हणते, आजोबा, आधी ठरवा!

तर मंडळी, उत्तम काय? मावशींनी पहिल्यांदाच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही!

आता तुमच्याकडं वळतो. हसू नका, सुटका नाही! आपण सगळे जाड धारा सोडतो. माफी मागायची तर चार माणसांत, शोभेल अशी. प्रेम सांगायचं तर मोठ्या शब्दांत. भेटायला जायचं तर सवडीनं, चांगला वार बघून. सगळं भारीतलं भारी! आणि तिकडं कुणीतरी सकाळपासनं टोपी घालून बसलेलं असतं. त्याच्यापुढं चाक फिरतंय. त्याला वाटतंय, मुद्दाम तोडलं.

कोण आहे तो तुमचा? भाऊ? नणंद? शाळेतला मित्र? आला ना चेहरा डोळ्यांपुढं? मग काढा मोबाईल! होय, कीर्तनात काढा, मीच सांगतोय. लावा फोन. भारी बोलू नका. 'जेवलास का' एवढं विचारा, तेवढं कुठल्याही नळीतनं जातं. मृदंगवाले, हात जरा हलका ठेवा, लोकांना बोलायचंय.

मी थांबलोय. पलीकडनं 'आलं' म्हणू देत, मग आपण देवाचं नाव घेऊ.