लुबोश आज खेळणार नाही

(अर्विंग, टेक्सस. मार्च १९९७, रविवारची दुपार. आइस हॉकीच्या स्टेडियममागचं पार्किंग. उपासना आणि तिचा नवरा प्रफुल्ल आपल्या गाडीपाशी उभे. इथल्या टीमचा खेळाडू लुबोश नंतर येतो. तो त्यांच्याशी इंग्रजीतच बोलतो.)

प्रफुल्ल: म्हणजे तू सरळ लीगच्या डॉक्टरकडे गेलीस? मला न विचारता?

उपासना: विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास.

प्रफुल्ल: म्हणालोच असतो! तुझं ग्रीन कार्ड क्लिनिकने फाइल केलंय, उपासना. लुबोश खेळायला फिट आहे म्हणून तुझ्या बॉसने सही केली होती ना? मग जबाबदारी त्याची. तू फिजिओ आहेस, विषय संपला.

उपासना: टेस्ट मी घेतली, बॉसने नाही. मंगळवारी लुबोशला म्हटलं, डोळे मिटून एका पायावर उभा राहा. पोतं पडावं तसा पडला. पाच शब्द सांगितले, दहा मिनिटांनी एक आठवला, एक! महिन्याभरात दुसऱ्यांदा त्याच्या डोक्याला मार बसलाय. मी लिहिलं, सहा आठवडे खेळणं बंद. बॉसने कागद माझ्यासमोर फाडला. म्हणे, ही टीम आपला सगळ्यात मोठा क्लायंट आहे, नवीन लिही.

प्रफुल्ल: तू नाही लिहिलंस. छान केलंस. तिथेच थांबायचं ना यार!

उपासना: आणि आज तिकीट काढून बघत बसायचं? आपल्या बाजूच्या अपार्टमेंटमध्ये राहतो तो. नाक पुसत पुसत आपल्याकडचा चिकन रस्सा खातो. बाबांनी पोटाला चिमटा काढून मला शिकवलं ते ह्यासाठी नाही, प्रफुल्ल.

प्रफुल्ल: बाबांना मधे आणू नकोस. उद्या सकाळी तुला काढतील, मग काय करायचं आपण? नागपूरला परत? आणि त्याचं काय? मोठ्या लीगचा माणूस आज त्याला बघायला आलाय. आजच! तो तर... झालं! तो बघ, इकडेच येतोय.

लुबोश: तू! तू केलंस हे?

उपासना: हो. मी केलं.

लुबोश: माझे बूट बांधून झाले होते. दोन्ही! कोच येतो, सगळ्यांसमोर म्हणतो, काढ. मी विचारतो, का? तो हसतो. म्हणतो, तुझ्या इंडियन मैत्रिणीला विचार. सगळे हसतात.

उपासना: हसू देत. तुझं डोकं अजून बरं झालेलं नाही, लुबोश.

लुबोश: माझं डोकं! तुझं नाही! तुला काय माहीत? सहा वर्षांचा होतो, ओस्त्रावात, कारखान्याच्या टीममध्ये. मग दोन वर्षं सैन्याच्या टीममध्ये. मग आमच्याकडचे कम्युनिस्ट गेले, नव्वद साली दारं उघडली, मी आलो. एक बॅग, तीन स्टिक. वडील खाणीत होते, कोळशाच्या. म्हणाले, मागे बघू नको. आणि वर, मोठ्या लीगमध्ये, मी किती मॅच खेळलो? नऊ! एक गोल. मग गुडघा गेला, मला खाली पाठवलं. चार वर्षं, चार शहरं. बसमधून चौदा-चौदा तास. एकोणतीस वर्षांचा झालो मी. आज एक माणूस वही घेऊन बसलाय, त्या वहीत माझं नाव आहे. आणि तू जाऊन चुगली करतेस!

उपासना: एक धक्का अजून बसला असता तर तिथेच बर्फावर पडला असतास. मग त्याने काय लिहिलं असतं वहीत?

लुबोश: मी तुला मदत मागितली? सांग! मागितली?

प्रफुल्ल: ए, आवाज खाली.

लुबोश: तू मधे पडू नको.

प्रफुल्ल: पडणार! माझी बायको आहे. तुझ्यासाठी नोकरी घालवून बसलीय ती, कळतंय? नोकरी गेली की कागद गेले. तिचे, मग माझेही. गेला अर्धा तास मी तिच्याशी त्यावरूनच भांडतोय. पण तू तिच्यावर ओरडायचं नाहीस.

लुबोश: माझेही कागद टीमच्या हातात आहेत! टीमने सोडलं की मी संपलो. खाणीसुद्धा बंद होतायत तिथे. मी काय करू? मला दुसरं काय येतं?

उपासना: लुबोश. माझ्याकडे बघ. नाकाकडे. मान हलवू नकोस.

लुबोश: पुरे तुझ्या टेस्ट!

उपासना: शेवटची. मी कुठला हात वर केलाय?

लुबोश: उजवा. नाही... कुठलाच नाही.

प्रफुल्ल: अरे, तुझ्या डावीकडे. किल्ली धरलीय तिने, एवढी हलवतेय!

लुबोश: किल्ली? कुठेय?

उपासना: डावीकडचं कधीपासून दिसत नाही?

लुबोश: गुरुवार.

प्रफुल्ल: आणि आज स्वतः ड्राइव्ह करत आलास?

लुबोश: हळू आलो.

उपासना: मला का नाही सांगितलंस? मंगळवारी हे नव्हतं. कोणालाच नाही सांगितलंस?

लुबोश: सांगितलं. टीमच्या ट्रेनरला.

उपासना: काय म्हणाला?

लुबोश: म्हणाला, मग आज उजवीकडून खेळ.

प्रफुल्ल: हरामखोर साले! सगळेच्या सगळे!

उपासना: प्रफुल्ल, नंतर. आत्ता इमर्जन्सीला जायचंय. डोक्यात रक्त साकळलं असू शकतं. लुबोश, बस गाडीत.

लुबोश: तो माणूस अजून आत आहे. मी बोलतो त्याच्याशी, नुसतं, दोन मिनिटं...

उपासना: नाही.

लुबोश: माझी बॅग आत आहे. स्टिक.

उपासना: मी आणते. त्या ट्रेनरचं तोंडही बघून येते.

प्रफुल्ल: तू कुठेही जायचं नाहीस, तिथे मारामारी करशील. बॅग मी उद्या घेऊन येईन, कोण अडवतो बघतो. लुबोश, पुढे बस, मागे पाय मावणार नाहीत तुझे. डोकं सांभाळ. हां. आता बेल्ट लाव.

लुबोश: लावतोय.

प्रफुल्ल: खाच तुझ्या डाव्या हाताशी आहे.

लुबोश: माहीत आहे.

प्रफुल्ल: खाली बघू नकोस तू. थांब, मी लावतो.