मागल्या भिंतीची कडी

(१९७४ साल. कोल्हापूर. भरमाप्पाच्या घराची मागली खोली. कृष्णात गवंडी हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकून बघतोय. भरमाप्पाची थोरली बहीण अक्का दारात उभी आहे.)

कृष्णात : लाकडाचा गुटका ठोकतो, त्यात स्क्रू पिळतो, झालं की! शिंकाळं टांगाय आणि काय पायजे?

भरमाप्पा : टांगायचं न्हाय. वढलं तरी निघाय नको.

कृष्णात : म्हस बांधतोस का काय घरात?

भरमाप्पा : म्हशीपरास जोर लागंल.

कृष्णात : मग गुटका न्हाय चालायचा. पावसात फुगतो, उन्हाळ्यात सुकून हातात येतो. त्यो भोकात ठोकायचा नवा रावल प्लग मिळतोय बाजारात, पर त्यो शिमिटाच्या भितीला. तुझी ही वीट मातीत रचल्याली. स्क्रू आवळला की वीटच फुटायची. बांधणार काय, ते तर सांग.

भरमाप्पा : मला.

कृष्णात : सकाळी सकाळी चेष्टा करू नगंस.

भरमाप्पा : चेष्टा न्हवं. डोकं फिरतंय तवा बांधाय पायजे मला. आत्ता शुद्धीत हाय, तवर करून घेतो.

कृष्णात : अरं, दवाखान्यात नेलतं की तुला!

भरमाप्पा : ठिवून घेतलं, गोळ्या दिल्या, सोडलं. गोळ्या चालू हाईत. तरी गेल्या म्हैन्यात पोरीला मांडीवर घिऊन आडाच्या कट्ट्यावर बसलोतो. पाय आत सोडून. मला कायबी आठवत न्हाय. शेजारच्या बायडाबाईनं मागनं वढलं म्हणत्यात. शांतव्वा पोरीला घिऊन म्हायारी गेली, हातकणंगल्याला. चुकली न्हाय ती.

अक्का : कृष्णात, त्याचं ऐकू नगंस. माझ्या पाठचा भाऊ हाय त्यो. जनावर न्हवं.

भरमाप्पा : तुझा हात मोडला तवा कुणाचा भाऊ हुतो मी, अक्का?

अक्का : पाय घसरून पडले मी.

भरमाप्पा : सगळ्या गल्लीला तसंच सांगितलंस.

अक्का : दाराला कुलूप घालून मी भाईर बसते की. जेवणबी तितंच करीन.

भरमाप्पा : दार मोडलं न्हवं का मागं? ही नवी फळी बघ की कशी दिसती.

कृष्णात : कडीला आरपार बोल्ट घालावा लागंल, भरमा. भितीच्या पल्याड जाड लोखंडी पट्टी, तिच्यावर नट. भार सगळ्या भितीवर जातो. एकादी वीट सुटली तरी कडी येत न्हाय.

भरमाप्पा : नट भाईरच्याच अंगाला ठेव. कारखान्यात फिटर हुतो मी. हाताला लागला की खोलणार.

कृष्णात : उंची किती घिऊ?

भरमाप्पा : खाली घे. निजता याय पायजे. वर असली तर मला दुसरंच कायतरी सुचंल.

अक्का : शिव शिव! काय बोलतोस रं ह्ये...

कृष्णात : साखळीच्या कुलपाची किल्ली कुणाकडं?

भरमाप्पा : अक्काकडं. मी रडून मागितली तरी द्यायची न्हाय.

अक्का : मला न्हाय जमायचं.

भरमाप्पा : शांतव्वाला निरोप धाडलाय. कडी बसली तर पोरीला घिऊन यीन म्हणाली.

अक्का : आणि पोरीनं तुला असं बघायचं?

भरमाप्पा : लांबनं बघंल. पर बघंल की.

(अक्का दारातून बाजूला होते.)

भरमाप्पा : कर सुरू, कृष्णात. ती न्हाय म्हणत न्हाय आता.

*

कृष्णात : घ्या, बसली एकदाची. भाईरनं नट आवळून आलोय. वढून बघ, भरमा.

भरमाप्पा : बघ. हलत न्हाय.

कृष्णात : असं न्हवं रं. असं शाणा माणूस वढतो. तसल्या टायमाला वढशील तसं वढ.

भरमाप्पा : तवा कसं वढतो, मला काय म्हाईत? अक्काला इचार.

कृष्णात : अक्का?

अक्का : दार लावलं की आधी हिसडं देतो. मग थांबतो. वाटतं, निजला. तसं नसतंय. हळूच धरून इकडं-तिकडं करत ऱ्हातो, दिवसभर. मला हाका मारत.

कृष्णात : मग नट ढिला हुईल. वरनं आणि एक चढवाय पायजे.

अक्का : चढव.