आक्काच्या शिरेत

आदिती : मग ती ट्यूब गेली कुठं, सम्मेद? कॉलेजच्या लॅबमधल्या फ्रीजरची किल्ली फक्त तुझ्याकडं आणि माझ्याकडं. मी काढलेली नाही.

सम्मेद : हळू बोल. आण्णा त्या दारापाशीच हायत.

आदिती : तुझ्या बहिणीला, चंदनाआक्काला, आयसीयूत हलवलं कळलं, म्हणून निघाले. तुझी बॅग घ्यायला लॅबमध्ये गेले, तर डबा उघडा. तेव्हापासून डोक्यात नको ते येतंय. तू फक्त नाही म्हण.

सम्मेद : बस जरा.

आदिती : नाही म्हण, सम्मेद.

सम्मेद : काल दुपारी आक्काला प्लाझ्मा चालू हुता. हातात सुई होतीच. पूर्णिमा सिस्टर पलीकडच्या पेशंटकडं गेलत्या. तवा ट्यूबमधलं सोडलं.

आदिती : आक्काच्या शिरेत?

सम्मेद : व्हय.

आदिती : अरे, ते औषध नव्हतं. बॅक्टेरियात वाढवलेला आरएनए...

सम्मेद : मला नको शिकवू. माझ्याच हातचं हाय ते. साधा आरएनए टोकाकडनं कुरतडला जातोय, आपण टोकं जोडून गोल केला. म्हणून टिकतोय आणि प्रथिन बनवत ऱ्हातोय. रक्त गोठवणारं जे प्रथिन आक्काच्या रक्तात जन्मापासनं न्हाय, तेच. ट्यूबमधलं रक्त गोठलं त्या दिवशी तू समद्यांना पेढे वाटलीस की.

आदिती : काचेत गोठलं ते. माणसात नाही. बॅक्टेरिया फोडले की त्यांचं विष त्यात उतरतं. ते धुऊन काढायची आपल्याला गरजच नव्हती, कारण ते कुणाला द्यायचंच नव्हतं. हे तुला ठाऊक होतं.

सम्मेद : ठाऊक हुतं. पण वाटलं, थोडंसंच तर हाय. सोसंल.

आदिती : तिला सांगितलं होतंस?

सम्मेद : तिनंच मागितलं. आपल्या प्रेझेंटेशनला आलती न्हवं, पुढच्या रांगेत बसलीती. तू माईकवर म्हणालीस, पुढं कधीतरी अशा पेशंटना सारखा प्लाझ्मा घ्यायला लागणार नाही. परत जाताना गाडीत, कुरुंदवाडची वेस आली तवा म्हणाली, ते कधीतरी माझ्या हयातीत हाय का रं?

आदिती : मी सगळ्यांसाठी बोलले होते.

सम्मेद : ती एकटीसाठी ऐकत हुती. गुडघ्यात रक्त साकळून पाय वाकडा झालेला. जरा पडली की दवाखाना. ठरत आलेलं लग्न बी त्यानंच मोडलं. मी म्हटलं, अजून कच्चं हाय आक्का. म्हणाली, असू दे कच्चं.

आदिती : मग?

सम्मेद : मग काल टोचल्यावर थंडी भरली. दातावर दात. बीपी खाली गेलं. डॉक्टर म्हणाले, प्लाझ्माची रिअ‍ॅक्शन असणार. तवाच पिशवी काढली.

आदिती : परत लावली का?

सम्मेद : न्हाय. पिशवी तपासाय दिलीय. आज सकाळपासनं डोकं दुखतंय म्हणत हुती. आता बोलंना झालीय.

आदिती : सम्मेद, तिला प्लाझ्मानं काहीच झालेलं नाही. डोक्यात रक्त उतरत असेल, तर ते थांबवायला तिला तोच हवाय. आणि तू गप्प बसलास म्हणून तो बंद आहे.

सम्मेद : मला वाटलं, ताप उतरला की लावतील.

आदिती : खाली जिन्यात पूर्णिमा सिस्टर रडत होत्या.

सम्मेद : आण्णांनी तक्रार केलीय त्यांच्यावर. चुकीची पिशवी लावली म्हणून.

आदिती : ऊठ. आत चल.

सम्मेद : लॅब बंद करतील. सरांना घरी बसवतील. तुझं बाहेर शिकायला जायचं, समदं जाईल.

आदिती : जाईल. तू येत नसशील तर मी एकटी जाते.

श्रीपाल (आण्णा, सम्मेदचे वडील) : कुठं निघालीस पोरी? आत सोडत न्हाईत कुणाला.

आदिती : काका, मला डॉक्टरांना...

सम्मेद : थांब, आदिती. आण्णा, सिस्टरची चूक न्हाय. आक्काला मी टोचलं. प्लाझ्मा चालू असताना.

श्रीपाल : काय टोचलंस?

सम्मेद : कॉलेजात आमी केलेलं. तिचं रक्त गोठावं म्हणून.

श्रीपाल : डॉक्टरला ठावं हाय?

सम्मेद : न्हाय.

श्रीपाल : मग माझ्या तोंडाकडं काय बघालास? जा आत.

(ऊन कलल्यावर. आयसीयूबाहेरचा तोच बाक.)

आदिती : काका, काय म्हणाले?

श्रीपाल : प्लाझ्मा लावलाय परत. औषधं बी बदलली. म्हणाले, हे काल कळायला पायजे हुतं.

आदिती : आणि डोक्याचं?

श्रीपाल : आत रक्त उतरलंय. उघडून काढावं तर हिचं रक्त थांबायचं न्हाय. वाट बघा म्हणालेत. एक हात हलवती. मी हाक मारली, तर माझ्याकडं बघितलं न्हाय.

सम्मेद : पोलिसांना कळवलंय, आण्णा. येतील आता.

श्रीपाल : येऊ देत. मला एक सांग. हे चंदनानं मागितलं, का तू तिला गळ घातलास?

सम्मेद : मीच. तिला कायबी ठावं नव्हतं.

आदिती : सम्मेद...

सम्मेद : तू मधी बोलू नको.

श्रीपाल : तिनं इस्वास टाकला असणार तुझ्यावर.

सम्मेद : व्हय, आण्णा.

श्रीपाल : त्या सिस्टरची मी माफी मागून आलो. वार्डात समद्यांसमोर बोललोतो, तर माफी बी तिथंच मागितली. ती म्हणाली, आधी पोरीकडं बघा.

आदिती : काका, आमच्या सगळ्यांचंच चुकलं. मी...

श्रीपाल : तू घरी जा बाळ. तुझे आईबाप वाट बघत असतील.

सम्मेद : आण्णा, फोन वाजतोय. आईचा हाय. मी उचलू?

श्रीपाल : नको. हिकडं दे. आज तिला आक्काचंच सांगतो. दोन्ही लेकरांचं एका दिवशी ऐकायला तिला झेपायचं न्हाय.