बाईंनी जोर कमी केला

शिखर गाठलं की ताकद वाढते, असा आपला एक उदात्त समज आहे. गॅरेजच्या बाकावर दोन ड्रायव्हरांनी तो माझ्यादेखत मोडीत काढला.

"वेधशाळेच्या माणसांना वर नेताना डोंगरावर गाडी मान टाकायची. वेधशाळेवाले म्हणाले, सोमवारपर्यंत नीट कर, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो."

"अरे, पण इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो आहे ना तिला?"

"मी हौसेनं त्याचाच जोर वाढवून घेतलेला! वर हवा विरळ. तो जीव तोडून फिरायचा, मग तो जळू नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर घाबरून ताकदच तोडायचा."

"मग?"

"या मेकॅनिकबाई स्वतः गाडी घेऊन वर गेल्या. तिथंच बसून टर्बोचा जोर कमी केला. आता काय चढते, राव!"

"बाई म्हणजे कमाल आहे. नोकरी पक्की तर!"

"पक्की. फक्त वेधशाळेनं ऑफिस खाली आणलं. साहेबांना वर धाप लागते."