संशयवादाचं पुस्तक राहू दे

ग्रंथालयाच्या रांगेत शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. त्यांची कुजबुज अख्ख्या खोलीला ऐकू जात होती, आणि बाईंनीही काही कान झाकले नव्हते.

"कार्डावर एकच पुस्तक मिळतं. तुमचं संशयवादाचं घ्या. माझं येशूचं संगीत नाटक पुन्हा न्यायचं राहू द्या."

"अगं, रविवारी प्रयोग आहे ना?"

"आजारपणापासून ओळी आठवत नाहीत हो. फादरांना सांगते, दुसरी कोणी मरिया बघा."

"मी विंगेतून ओळी सांगीन."

"तुम्ही? चाळीस वर्षांत चर्चची पायरी चढला नाहीत!"

"मागच्या दाराने येईन."

"आणि परवासारखे थांबलात तर? घरी नुसता सराव होता, तरी देवदूत आल्याबरोबर पुस्तक मिटून बसलात."

"तिथे मला शंका आली."

"शंका तुम्हाला, आणि आ वासून उभी मी!"

"आता शंका प्रयोग संपल्यावर काढीन."

"नक्की?"

"नक्की असं जगात काहीच नसतं, हे मी जन्मभर शिकवलं. पण तू अडलीस की मी बोलणार."

"अहो, त्यातलं एक वाक्य तरी पटतं का तुम्हाला?"

"वाचताना नाही पटत. तू गायला लागलीस की तपासायचं राहूनच जातं."

 आजींनी आजोबांची वर गेलेली कॉलर नीट केली.

"आजोबा, कोणतं देऊ?" खिडकीतून विचारणा झाली.

"नाटकाचं. मोठ्या अक्षरांची प्रत आहे का? विंगेत अंधार असतो."